डीएनए लस टोचल्यावर पेशीत नक्की काय घडतं?



पेट आणि नेटची तयारी करताना लसींच्या प्रकरणात एक ठरलेला प्रश्न असतो : डीएनए लस आणि एमआरएनए लस यांत फरक काय? उत्तरही ठरलेलं असतं. डीएनए लस केंद्रकात जाते, एमआरएनए पेशीद्रवातच काम करते. लेखी परीक्षेत याला मार्क मिळतात. पण पीएचडीच्या मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम पुढचं विचारतात. केंद्रकात जाते म्हणजे कशी जाते? तिला आत नेतं कोण? दंडाच्या स्नायूत विषाणूचं प्रथिन तयार झालं, ठीक. पण ते गळ्याजवळच्या किंवा काखेतल्या लसिकाग्रंथीत बसलेल्या टी-पेशीला कळतं कसं? इथे बरेच जण गप्प होतात, कारण पुस्तकात एका आकृतीत चार बाण दाखवून विषय संपवलेला असतो. त्या बाणांच्या मध्ये काय आहे ते आज बघू.

गारगोटीत बसून हा विषय लिहायला आणखी एक कारण आहे. जगात माणसासाठी मंजूर झालेली पहिली डीएनए लस आपल्या देशातली आहे. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची झायकोव्ह-डी. २० ऑगस्ट २०२१ ला तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. आणि तरीही आपल्या भुदरगड तालुक्यात 'मी ती लस घेतली' असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. असं का झालं, हेही या विषयातच येतं.

आधी लशीत असतं काय ते बघू. झायकोव्ह-डी म्हणजे एक प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं बंद कडं. त्याचा सांगाडा पीव्हॅक्स-१ या नावाच्या प्लास्मिडचा आहे, साधारण ३,००० बेस-जोड्यांचा. त्यात करोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनाचं जनुक बसवलंय. स्पाइक १,२७३ अमिनो आम्लांचं, म्हणजे जनुक जवळपास ३,८०० बेस-जोड्यांचं. जनुकाच्या पुढे एक प्रमोटर असतो, 'इथून वाचायला सुरू करा' असं सांगणारा. गंमत अशी की हा प्रमोटर सायटोमेगॅलो नावाच्या दुसऱ्याच विषाणूकडून घेतलेला आहे, कारण सस्तन प्राण्यांच्या पेशीत तो फार जोरात चालतो. जनुकाच्या शेवटी 'इथे थांबा, शेपूट लावा' असा संदेश. आणि स्पाइकच्या सुरुवातीला एक छोटा सिग्नल पेप्टाइड जोडलेला, म्हणजे तयार झालेलं प्रथिन पेशीच्या बाहेर पडण्याच्या वाटेला लागावं.

उरलेले दोन भाग माणसासाठी नाहीतच, ते जिवाणूसाठी आहेत. एक, प्लास्मिडच्या प्रती काढण्याची सुरुवात जिथून होते ती जागा. दुसरा, कॅनामायसिन या प्रतिजैविकाला विरोध करणारं जनुक. ई. कोलाय जिवाणू मोठ्या टाकीत वाढवायचे, कॅनामायसिन घालायचं, म्हणजे ज्यांच्यात प्लास्मिड आहे तेच जगतात. मग जिवाणू फोडून प्लास्मिड शुद्ध करून घ्यायचं. विषाणू वाढवायला नको, अंडी नकोत, सस्तन प्राण्यांच्या पेशी नकोत. उद्या विषाणू बदलला तर फक्त मधलं जनुक बदलायचं, बाकी सगळी पद्धत तीच. डीएनए लशीचं खरं आकर्षण इथे आहे.

प्रती काढायची ती जागा जिवाणूचीच भाषा समजते, हे लक्षात ठेवा. आपल्या पेशीत या प्लास्मिडच्या नवीन प्रती तयार होत नाहीत. पुढे 'माझा डीएनए बदलेल का' या प्रश्नाला याचा उपयोग होईल.

आता कल्पनेची सुरुवात. १९९० साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला जॉन वोल्फ आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत नुसता, कसल्याही वेष्टनाशिवायचा डीएनए टोचला. त्या स्नायूत त्या जनुकाचं प्रथिन तयार झालं. तोपर्यंत बहुतेकांना वाटायचं की उघडा डीएनए शरीरात टिकणारच नाही. १९९२ मध्ये टँग, डेविट आणि जॉन्स्टन यांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर मानवी वाढ-संप्रेरकाचं जनुक चढवून ते कण उंदराच्या त्वचेत मारले, आणि उंदरांच्या रक्तात त्या संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. १९९३ मध्ये अल्मर, मार्गारेट लिऊ आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लुएंझाच्या आतल्या न्यूक्लिओप्रोटीनचं जनुक उंदरांना दिलं. हे प्रथिन विषाणूच्या आत असतं, त्यामुळे प्रतिपिंडांना ते सहसा सापडत नाही. तरी उंदरांना संरक्षण मिळालं, आणि तेही वेगळ्या स्ट्रेनच्या फ्लूपासून. म्हणजे काम मुख्यतः मारक टी-पेशींनी केलं होतं. मारलेल्या विषाणूच्या लशीला हे नीट जमत नाही. या एका निकालाने लोक या विषयाकडे धावले.

मारक टी-पेशी का जाग्या झाल्या ते समजायला आपल्या गावाकडच्या दूध संस्थेचं उदाहरण घ्या. संकलन केंद्रावर प्रत्येकाच्या दुधातून थोडा नमुना काढतात, फॅट बघतात. आपल्या शरीरातली केंद्रक असलेली जवळपास प्रत्येक पेशी असंच करते. आत जी प्रथिनं तयार होतात त्यांचे छोटे तुकडे करून ती पृष्ठभागावर एमएचसी-१ नावाच्या रेणूत धरून ठेवते : 'माझ्या घरात हे बनतंय, तपासा.' मारक टी-पेशी, म्हणजे सीडी-८, हे नमुने बघत फिरतात. परका तुकडा दिसला की ती पेशीच मारतात. दुसरा रेणू एमएचसी-२, तो मोजक्याच पेशींकडे असतो, मुख्यतः डेंड्रायटिक पेशी, मॅक्रोफेज, बी-पेशी. त्यात बाहेरून गिळलेल्या मालाचे नमुने लागतात आणि ते सीडी-४ मदतनीस पेशी बघतात. मारलेला विषाणू किंवा शुद्ध प्रथिन टोचलं तर तो बाहेरचा माल, म्हणून मुख्यतः एमएचसी-२. डीएनए लशीत प्रथिन पेशीच्या घरातच बनतं, म्हणून एमएचसी-१ वर नमुना लागतो. शिवाय ते प्रथिन बाहेरही पडतं, दुसऱ्या पेशी गिळतात, म्हणून एमएचसी-२ पण. दोन्ही वाटा उघडतात.

इथपर्यंत पुस्तकात असतं. पण यात एक अडचण आहे, आणि ती तुम्हाला खटकायला हवी. स्नायूच्या पेशीने नमुना दाखवला तरी नवख्या, कधीच न लढलेल्या टी-पेशीला जागं करण्याची ताकद तिच्यात नसते. त्यासाठी एमएचसी सोबत दुसरा इशारा लागतो, सीडी-८० आणि सीडी-८६ सारख्या रेणूंचा, आणि तो स्नायूच्या पेशीकडे नाही. शिवाय नवख्या टी-पेशी स्नायूत फिरत नाहीत, त्या लसिकाग्रंथीत असतात. मग जागं करतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रयोगाने मिळालं तो संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. समजा उंदरांच्या दोन जाती आहेत, एकीचा एमएचसी 'अ' प्रकारचा, दुसरीचा 'ब'. त्यांच्या संकरातून झालेल्या पिल्लांच्या सगळ्या पेशींवर अ आणि ब दोन्ही असतात. अशा संकरित उंदराचा अस्थिमज्जा किरणोत्साराने नष्ट करायचा आणि फक्त 'अ' जातीचा अस्थिमज्जा भरायचा. आता त्याचे स्नायू अ आणि ब दोन्ही दाखवतात, पण मज्जेतून तयार होणाऱ्या डेंड्रायटिक पेशी फक्त अ दाखवतात. त्याला डीएनए लस द्या आणि मारक टी-पेशी कोणता एमएचसी ओळखतात ते बघा. स्नायूने जागं केलं असेल तर अ आणि ब दोन्ही ओळखणाऱ्या निघतील. मज्जेच्या पेशींनी केलं असेल तर फक्त अ. १९९६-९७ च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी हे करून बघितलं आणि उत्तर आलं : फक्त मज्जेकडचा एमएचसी. म्हणजे स्नायू हा कारखाना असेल, पण शिक्षक डेंड्रायटिक पेशीच. एका प्रश्नाला हो-नाही उत्तर देणारा इतका स्वच्छ प्रयोग बघितला की बरं वाटतं.

मग डेंड्रायटिक पेशीकडे माल येतो कसा? दोन वाटा आहेत. थोडा डीएनए थेट त्यांच्यातच शिरतो आणि त्या स्वतः प्रथिन बनवतात. किंवा स्नायूच्या, त्वचेच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन, कधी मेलेल्या पेशींचे तुकडे, त्या गिळतात आणि नेहमीचा नियम मोडून बाहेरचा माल एमएचसी-१ वरही लावतात. याला क्रॉस-प्रायमिंग म्हणतात. १९९७ मध्ये टोरेस आणि सहकाऱ्यांनी उंदरांना स्नायूत डीएनए टोचून दहा मिनिटांत तो स्नायूच कापून काढला. तरी प्रतिपिंडे आणि मारक टी-पेशींचा प्रतिसाद कायम! म्हणजे दहा मिनिटांत पुरेसा डीएनए तिथून पसार झालेला होता. 'स्नायूत टोचलं म्हणजे स्नायूतच काम झालं' असं सरळ गृहीत धरता येत नाही.

यापुढे काखेतल्या लसिकाग्रंथीत जे होतं ते कोणत्याही चांगल्या लशीसारखंच. सीडी-४ पेशी मदतीला येतात, बी-पेशी जर्मिनल सेंटरमध्ये आपली प्रतिपिंडे घासूनपुसून अधिक नेमकी करतात, काही पेशी आठवण म्हणून मागे राहतात. त्यात शिरत नाही, तुमच्या पुस्तकात नीट आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शुद्ध प्रथिनाच्या लशीत सहसा अॅडज्युव्हंट घालावा लागतो, म्हणजे 'धोका आहे, जागे व्हा' असं ओरडणारा पदार्थ. डीएनए लशीत तो वेगळा घालावा लागत नाही, कारण प्लास्मिड स्वतःच ओरडतो. आधी सगळ्यांना वाटलं याचं श्रेय टीएलआर-९ या रेणूला आहे. जिवाणूच्या डीएनएत सी आणि जी लागोपाठ असलेल्या जागा पुष्कळ असतात आणि त्यांवर मिथाइल गट नसतो. आपल्या डीएनएत अशा जागा कमी आणि बहुतेक मिथाइल लावलेल्या. टीएलआर-९ हा फरक ओळखतो. गोष्ट पटण्यासारखी होती. पण ज्या उंदरांत टीएलआर-९ नाहीच, त्यांनाही डीएनए लस लागू पडली! मग २००८ मध्ये जपानच्या केन इशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टीबीके-१ नावाचं एन्झाइम नसलेल्या उंदरांत मात्र लस फसते. आता साखळी अशी समजली जाते : पेशीद्रवात दुपदरी डीएनए दिसणं हेच मुळात संशयास्पद, कारण डीएनएची जागा केंद्रकात. सीजीएएस नावाचा पहारेकरी तो पकडतो, एक छोटा संदेशरेणू तयार करतो, तो स्टिंग नावाच्या प्रथिनाला जागं करतो, स्टिंग टीबीके-१ ला, आणि शेवटी पहिल्या प्रकारची इंटरफेरॉन सुटतात. सीजीएएसला क्रम वाचायचा नसतो. कुणाचा डीएनए आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, चुकीच्या खोलीत आहे एवढं पुरे.

इशींच्या त्याच कामात आणखी एक बारकावा आहे. अस्थिमज्जा बदलण्याची वर सांगितलेली युक्ती त्यांनीही वापरली. रक्तपेशींच्या वंशात टीबीके-१ असेल तर बी-पेशी आणि सीडी-४ चा प्रतिसाद येतो. स्नायूसारख्या इतर पेशींत असेल तरच सीडी-८ चा येतो. म्हणजे स्नायू अगदीच मुका कारखाना नाही, त्याचीही हाक लागते. आधीच्या निकालाशी हे विसंगत वाटतं का? नाही. शिकवतो डेंड्रायटिकच, पण शेजारच्या घरातून आरडाओरडा झाला तर शिकवणी नीट होते. मुलाखतीत हे दोन निकाल शेजारी ठेवून बोललात तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसेल.

एवढं सगळं उंदरांत १९९० च्या दशकातच कळलं होतं. मग माणसाची पहिली लस यायला २०२१ का उजाडलं? मध्ये जनावरांत लशी आल्याही. २००५ साली घोड्यांसाठी वेस्ट नाइल विषाणूविरुद्ध अमेरिकेत आणि सॅमन माशांसाठी कॅनडात. माणसात मात्र चाचणीमागून चाचणी तेच यायचं : सुरक्षित आहे, पण प्रतिसाद फिका.

एक कारण साध्या हिशोबात दिसतं. २० ग्रॅमच्या उंदराला १०० मायक्रोग्रॅम डीएनए दिला तर किलोमागे ५ मिलिग्रॅम झाले. ६० किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात ३०० मिलिग्रॅम लागतील. लशीचा डोस असा वजनावर चढवत नाहीत हे खरं, पण अंतराचा अंदाज येतो. झायकोव्ह-डीच्या एका डोसमध्ये २ मिलिग्रॅम आहेत. दुसरं, उंदराच्या इवल्याशा स्नायूत ५० मायक्रोलिटर द्रव म्हणजे पूरच. त्या दाबानेच डीएनए पेशींत ढकलला जातो. माणसाच्या दंडात तेवढा दाब तयार होत नाही.

खरी अडचण वाटेतली. डीएनए ऋणभारित, पेशीचं पटलही ऋणभारित, त्यामुळे आत शिरणं अवघड. शिरला तर पेशीद्रवात डीएनए कापणारी एन्झाइम्स. त्यातून वाचला तर केंद्रकाचं पटल. पेशी विभागत असेल तर ते पटल काही काळ विरघळतं आणि संधी मिळते. पण स्नायूची पेशी विभागत नाही. एमआरएनएला हा शेवटचा टप्पा नसतोच.

किती वाया जातं याचा अंदाज घ्यायचा तर कोविशील्डशी तुलना करा. हे फार जणांच्या लक्षात येत नाही, पण कोविशील्डही पेशीत डीएनएच नेते. तिच्यातला चिंपांझीचा अॅडेनोव्हायरस वाढू न शकणारा केलेला असतो, त्याच्या डीएनएत स्पाइकचं जनुक असतं आणि ते केंद्रकात जाऊन वाचलं जातं. फरक एवढाच की अॅडेनोव्हायरसला केंद्रकाची वाट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, प्लास्मिडला नाही. कोविशील्डच्या एका डोसमध्ये सुमारे ५,००० कोटी विषाणूकण असतात. आता प्लास्मिड मोजू. ६,८०० बेस-जोड्या, एका जोडीचं वजन सरासरी ६५० धरलं तर एका मोलचं वजन जवळपास ४४ लाख ग्रॅम. २ मिलिग्रॅमला त्याने भागा, अॅव्होगाड्रोच्या संख्येने गुणा. उत्तर येतं साधारण २७० लाख कोटी प्रती. कोविशील्डच्या पाच हजार पटींहून जास्त! वही-पेन घेऊन एकदा स्वतः करून बघा. पाच हजार पट माल पाठवूनही तीन डोस लागले, यावरून वाटेत काय होत असेल ते कळतं. प्लास्मिडची एक जमेची बाजू मात्र आहे. अॅडेनोव्हायरसविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करतं आणि पुढच्या वेळी वाहनच अडवलं जाऊ शकतं. प्लास्मिडला बाहेरचं प्रथिनाचं वेष्टनच नाही, त्यामुळे परत परत देता येतो.

झायडसने ही अडचण दोन प्रकारे सोडवायचा प्रयत्न केला. एक, स्नायूऐवजी त्वचेत. त्वचा ही रोगप्रतिकार यंत्रणेची चेकपोस्ट, तिथे लँगरहान्स आणि इतर डेंड्रायटिक पेशी दाट असतात. दुसरं, सुईऐवजी फार्माजेट कंपनीचं ट्रॉपिस नावाचं उपकरण. त्यात स्प्रिंग असते, वीज लागत नाही. ०.१ मिलिलिटर द्रव बारीक धारेने वेगात त्वचेत घुसतो. दोन्ही दंडांवर एकेक, मिळून २ मिलिग्रॅम; आणि असे डोस तीन, पहिला, २८ व्या दिवशी आणि ५६ व्या दिवशी. सुईने आणि सुईविना देण्यात खरंच फरक पडतो का, हे आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, एनआयव्हीने, ऱ्हीसस माकडांवर तपासलं. सुईविना दिलेल्यांत प्रतिसादही चांगला आणि विषाणूपासून संरक्षणही चांगलं आढळलं. लस तीच, फक्त देण्याची पद्धत वेगळी.

माणसांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२१ च्या जानेवारी ते जून या काळात देशभर झाली, सुमारे २७,७०० लोकांवर, अर्ध्यांना लस आणि अर्ध्यांना प्लासिबो. म्हणजे डेल्टाची लाट ऐन भरात असताना. अंतरिम निकाल द लॅन्सेटमध्ये आला. लक्षणं असलेले करोनाचे ८१ रुग्ण मोजले गेले, त्यातले २० लस घेतलेल्या गटात आणि ६१ प्लासिबो गटात. दोन्ही गट जवळपास सारखे, त्यामुळे २० भागिले ६१ करा, एकातून वजा करा, ६७ टक्क्यांच्या आसपास येतं. जाहीर झालेली परिणामकारकता ६६.६ टक्के. पण पेपर वाचताना नजर पुढच्या कंसावर गेली पाहिजे : ९५ टक्के विश्वासमर्यादा ४७.६ ते ८०.७. ८१ रुग्णांवरून काढलेला आकडा इतकाच नेमका असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा निदान ५० टक्के आणि खालची मर्यादा ३० च्या वर अशी होती, त्यात ही लस बसते. आणि हो, मूळ विषाणूवर तपासलेल्या दुसऱ्या लशींच्या ९० टक्क्यांशी डेल्टाच्या काळातले ६६ सरळ तोलू नका. परीक्षेचा पेपरच वेगळा होता.

मग गारगोटीपर्यंत ती का पोचली नाही? परवानगी ऑगस्ट २०२१ ची, पण पुरवठा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. केंद्राने एक कोटी डोस घेतले ते सुरुवातीला सात राज्यांसाठी. त्यात महाराष्ट्र होता, पण आपल्याकडे प्रायोगिक वापरासाठी नाशिक आणि जळगाव हे जिल्हे ठरले, कोल्हापूर नाही. किंमत डोसमागे लशीचे २६५ आणि उपकरणाचे ९३, एकूण ३५८ रुपये, कर वेगळा; तीन डोसांचे हजारावर. तेव्हा सरकारला कोविशील्ड दोनशेच्या आसपास पडत होती आणि तिचे दोनच डोस. आरोग्यसेविकेच्या बाजूने बघा : नवीन उपकरण शिकायचं, एका माणसाला तीन वेळा बोलवायचं, आणि तोवर गावातल्या बहुतेक प्रौढांचे दोन डोस झालेले. एप्रिल २०२२ मध्ये ३ मिलिग्रॅमच्या दोन डोसांच्या पद्धतीलाही परवानगी मिळाली, पण गाडी स्टँडवरून निघून गेली होती. माझ्या मते ही लस विज्ञानात हरली नाही, वेळापत्रकात हरली.

एक दावा मात्र जपून वापरावा. ही लस २५ अंशांवर निदान तीन महिने टिकते, असं कंपनीने सांगितलं होतं, आणि त्यावरून 'खेड्यापाड्यासाठी उत्तम, फ्रीज नको' असं खूप लिहिलं गेलं. डीएनएचा रेणू एमआरएनएपेक्षा मजबूत आहे हे खरंच आहे. पण मे महिन्यात आपल्याकडे २५ अंश कुठे असतात? पाटगावकडच्या वाडीत लस न्यायची तर बर्फाचा डबा लागणारच. नियमित साठवण २ ते ८ अंशांचीच होती. फायदा आहे, तो असा : वाटेत लाइट गेली, डबा दोन तास उशिरा पोचला, तर माल फेकून द्यावा लागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्यांना याची किंमत कळते.

आता घरातला प्रश्न. 'डीएनएची लस घेतली की आपला डीएनए बदलतो का?' आमच्या गल्लीतल्या काकूंनी हे विचारलं होतं आणि प्रश्न मुळीच वेडगळ नाही. 'आपण रोज भाजी-भाकरीतून डीएनए खातोच की' हे उत्तर खूप जण देतात. मी देत नाही. खाल्लेला डीएनए पचतो, टोचलेला पेशीत जावा अशीच योजना असते, तुलना चुकीची आहे. नीट उत्तर असं : प्लास्मिड केंद्रकात जातो, पण आपल्या गुणसूत्रांशेजारी वेगळा राहतो. गुणसूत्रात घुसायला लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नाही, आपल्या पेशीत प्रती काढायची सोय नाही. चुकून एखादा तुकडा जोडला जाणं तत्त्वतः अशक्य नाही, म्हणूनच नियामक संस्था तपासायला लावतात. उंदरांवरच्या अभ्यासात ही शक्यता पेशींत आपोआप होणाऱ्या उत्परिवर्तनांपेक्षाही खूप कमी आढळली. शिवाय ज्या पेशी स्पाइक दाखवतात त्यांतल्या पुष्कळ मारक टी-पेशी संपवूनच टाकतात. काकूंना मी एवढंच म्हटलं, की तुम्ही घेतलेल्या कोविशील्डमध्येही डीएनएच होता. त्या म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं की रे."

विषय अजून संपलेला नाही. पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक-ओएम ही स्वतःच्या प्रती काढणारी एमआरएनए लस जून २०२३ मध्ये मंजूर झाली, आणि तीही त्वचेत, सुईशिवाय, त्याच ट्रॉपिसने देतात. म्हणजे एकाच उपकरणाने, एकाच जागी, एकाच प्रथिनासाठी दोन वेगळे रेणू देऊन बघायची सोय आता आहे. केंद्रकाचं पटल ओलांडण्याची किंमत नक्की किती, हे तसं मोजता येईल. असा प्रयोग संशोधन आराखड्यात लिहिणार असाल तर उंदरांचे गट ठरवताना रिकाम्या पीव्हॅक्सचा एक गट ठेवा. जनुकाशिवायचा प्लास्मिडही सीजीएएसला ओरडायला लावतो. तो गट नसेल तर आलेला प्रतिसाद स्पाइकचा किती आणि त्या आरडाओरड्याचा किती, हे तुम्हाला वेगळं करता येणार नाही.